बोटीमागे मुलांना ओढताना: सामान, दोर आणि मागे बघणारा माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रीमाँटच्या एका गृहस्थांनी दोन मित्रांबरोबर भागीदारीत १९ फुटी जुनी मोटरबोट घेतली आहे. इंजिन बोटीच्या आत, पंखा बाहेर, इंधन पेट्रोल. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या डेल्टात (नद्यांच्या मुखाजवळचं फाट्या-फाट्यांचं पाणी), आणि जमलं तर डोंगरातल्या लेक टाहो तलावावर, मुलांना ट्यूबवर, म्हणजे हवा भरलेल्या रबरी तराफ्यावर, बसवून ओढायचा बेत आहे. मुलं ९ आणि १२ वर्षांची. जूनमध्ये पुण्याहून आई-बाबा येणार आहेत, दोघांनाही पोहता येत नाही. त्यांनी विचारलं आहे की कायद्याने बोटीवर काय काय ठेवावं लागतं. टेक्सासमधला मित्र म्हणतो, मोठा आरसा लावला की मागे बघायला वेगळा माणूस लागत नाही, ते इथे चालेल का. आणि बाबा लाइफ जॅकेट घालायला काही तयार होणार नाहीत, तेव्हा "जॅकेट बोटीवर असलं की झालं ना?"

मी गेली चौदा वर्षं कोस्ट गार्ड ऑग्झिलरीत स्वयंसेवक आहे. सुट्टीच्या दिवशी डेल्टातल्या रॅम्पवर, म्हणजे बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर, उभी राहून लोकांच्या बोटी मोफत तपासते. हे पोलिसी काम नाही. काही कमी निघालं तर दंड होत नाही, कागद मालकाच्याच हातात राहतो, आणि सगळं नीट असलं तर बोटीला स्टिकर मिळतो. आमची स्वतःचीही बोट आहे आणि घरातली, शेजारची, मित्रांची बरीच मुलं तिच्यामागे ओढून झाली आहेत. पुढे लिहिते ते कॅलिफोर्नियापुरतं. सामानाचे बहुतेक नियम देशभर सारखे आहेत, पण माणसं ओढण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी आपापल्या राज्याची पुस्तिका उघडून बघावी.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो, आणि तो तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. "असलं की झालं ना?" कायदा बोटीवर काय आहे ते मोजतो. पाण्यात पडलेल्या माणसाला मात्र पहिल्या मिनिटात अंगावर काय होतं आणि त्याला पडताना कोणी पाहिलं का, एवढंच उपयोगी पडतं. कोस्ट गार्डची २०२३ ची आकडेवारी बघा. त्या वर्षी देशात हौशी बोटिंगमध्ये ५६४ माणसं गेली. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं त्यातली ७५ टक्के बुडून गेली, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यातल्या कितीतरी बोटींवर जॅकेटं असणार, हे मी रॅम्पवर रोज जे बघते त्यावरून सांगते.

गेल्या उन्हाळ्यातलीच गोष्ट. एका कुटुंबाची बोट तपासत होते. आठ माणसांना आठ जॅकेटं, कोरी करकरीत. पण सगळी दुकानातल्या चेनच्या पिशवीत, पिशवी पुढच्या सीटखालच्या कप्प्यात, तिच्यावर नांगर आणि साखळी, आणि सीटवर कूलर. मी त्या गृहस्थांना म्हटलं, समजा तुमची मुलगी आत्ता पडली, मला एक जॅकेट काढून द्या. घड्याळ लावलं. कूलर उचलून ठेवायचा कुठे, इथेच पहिली खोटी झाली. मग साखळी पिशवीच्या बंदात अडकली. जॅकेट माझ्या हातात आलं तेव्हा दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती, आणि त्याचे पट्टे अजून दुकानातल्या प्लॅस्टिकच्या काडीने आवळलेले होते. बोट धक्क्याला बांधलेली, पाणी निवांत, कोणी ओरडत नव्हतं, तरी एवढा वेळ. नियमात "सहज हाताशी" असं म्हटलंय ते यासाठीच. बंद पिशवीतलं जॅकेट तपासणीतही बसत नाही.

आता सामान. बोटीवर जितकी माणसं तितकी कोस्ट गार्डमान्य, अंगात घालायची, ज्याच्या त्याच्या मापाची जॅकेटं. तान्ह्या बाळालाही त्याच्या मापाचं हवं. कॅलिफोर्नियात चालत्या बोटीवर १३ वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट अंगात घातलेलंच पाहिजे, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांना पर्याय नाही. बोट १६ फूट किंवा मोठी असली की फेकायचं एक साधनही लागतं, कडं किंवा चौकोनी उशी. ते चालवणाऱ्याच्या हाताला लागेल असं उघड्यावर ठेवायचं. ही उशी बसायला घेऊ नका. दाबून दाबून तिचा फोम मरतो.

जॅकेट घेताना आतलं लेबल वाचा. जुन्या लेबलवर टाइप १ ते ५ असतं, नव्यावर ७० वगैरे आकडा. तो तरंगवण्याच्या ताकदीचा आहे. ७० म्हणजे साधारण साडेपंधरा पौंड, आणि मोठ्या माणसाचं डोकं पाण्याबाहेर ठेवायला वरून ७ ते १२ पौंड आधार पुरतो. तिथेच वजनाची आणि छातीची मापं दिलेली असतात. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मुलांना मोठं जॅकेट घेऊ नका. शाळेच्या गणवेशात ते चालतं, इथे जिवावर बेतेल. घरीच बघा. सगळे पट्टे लावा, मुलाला हात वर करायला सांगा आणि खांद्यांना धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटी किंवा कानापर्यंत सरकलं तर ते त्या मुलाचं नाही.

अग्निशामक नळकांडं एक, ५-बी वर्गाचं. एकदाच वापरायच्या नळकांड्याला बनवल्यापासून १२ वर्षांची मुदत असते, हा नियम एप्रिल २०२२ पासून लागू झाला. वर्ष तळाशी किंवा लेबलवर कोरलेलं असतं. जुन्या बोटीबरोबर आलेली नळकांडी मी उलटी करते तेव्हा निम्म्या वेळा मुदत उलटून गेलेली निघते. काटा हिरव्यावर असला तरी ते बाद. आवाजाला भोंगा किंवा शिट्टी. सूर्यास्तानंतर पाण्यावर असाल तर दिवे लागलेले हवेत. धोक्याच्या खुणा, म्हणजे फ्लेअर किंवा रात्री एसओएस देणारा दिवा आणि दिवसा नारिंगी झेंडा, हे सगळं किनाऱ्याच्या पाण्यात लागतं. सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये उतरायचं तर हवंच. डेल्टाच्या अरुंद फाट्यांत सक्ती नाही, पण माझ्या बोटीवर ते कायम असतं, कारण डेल्टातून बेमध्ये जायला वाटेत दार नाही.

तुमचं इंजिन झाकणाखाली आहे, म्हणून एक गोष्ट बजावून सांगते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून चावी फिरवायच्या आधी ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, निदान चार मिनिटं चालवायचा, आणि झाकण उघडून नाकाने वास घ्यायचा. पेट्रोल भरून झाल्यावर तर नक्कीच. चार मिनिटं फार लांब वाटतात, मागे रॅम्पवर रांग लागलेली असते. लागू दे. तेवढ्या वेळात सगळ्यांची जॅकेटं आवळून होतात.

चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला लावायची ती लाल कॉइलची दोरी, इंजिन बंद करणारी. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटीवर हा स्विच बसवलेला असेल तर वेगात असताना दोरी जोडलेली असणं केंद्रीय कायद्याने सक्तीचं आहे. मनगटावरचं बिनतारी यंत्रही चालतं. रॅम्पवर बोटी आत येताना बघते तर पाचातल्या दोघांची दोरी डॅशबोर्डवरच लोंबत असते. चालवणारा उसळीने बाहेर फेकला गेला तर मागे सोडलेली बोट बहुतेक वेळा सरळ जात नाही, गोल गोल फिरते आणि फिरून त्याच्याच अंगावर येते. ट्यूबवरची मुलं त्या गोलाच्या आत असतात. दोरीची किंमत पंधरा-वीस डॉलर. एक जादा घेऊन ठेवा.

कागदांबद्दल दोनच गोष्टी. नोंदणीचा सीएफ नंबर बोटीच्या पुढच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना, वर्षाच्या स्टिकरसह. आणि चालवणाऱ्याकडे कॅलिफोर्नियाचं बोटर कार्ड. हा नियम २०१८ पासून वयाच्या टप्प्यांनी लागू होत होता आणि १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या वयांना लागू झाला. तुम्ही तिघे भागीदार आळीपाळीने चालवणार असाल तर तिघांनीही परीक्षा द्या. ऑनलाइन आहे, कार्ड आयुष्यभर चालतं, आणि त्या अभ्यासात मी इथे सोडून देते आहे ते बरंच काही येतं.

आता ओढण्याचं. तुमच्या मित्राचं टेक्सासपुरतं बरोबर आहे, तिथे ठराविक मापाचा आरसा चालतो. कॅलिफोर्नियात नाही. चालवणाऱ्याव्यतिरिक्त निदान १२ वर्षांचा एक ऑब्झर्व्हर, म्हणजे मागे बघणारा माणूस, बोटीत पाहिजेच. ओढलं जाणाऱ्या माणसाच्या अंगावर जॅकेट पाहिजे, मोठ्यांच्याही, आणि हवेने फुगणारं तिथे कामाचं नाही. सूर्यास्त ते सूर्योदय ओढायला बंदी. आणि लाल किंवा नारिंगी झेंडा, प्रत्येक बाजू निदान १२ इंच. माणूस पडला, पाण्यात उतरून तयारीत आहे, दोर मागे पसरलेला आहे किंवा स्की पाण्यात आहे, या वेळी तो दिसला पाहिजे. बरेच जण तो खांबाला कायमचा बांधून टाकतात. मग मागच्या बोटीला काही कळत नाही. झेंड्याचा अर्थ तो वर जाण्यात आहे. ताशी २० मैलांनी येणारी बोट सेकंदाला सुमारे २९ फूट कापते, म्हणजे २०० फूट मागे असलेली बोट पडलेल्या मुलापर्यंत सात सेकंदांत पोहोचते. पाण्यातलं मुलाचं डोकं दुरून नारळाएवढं दिसतं. त्या सात सेकंदांतली पहिली दोन झेंडा वर करण्यात गेली पाहिजेत, तो शोधण्यात नाही.

कायद्याने तुमची १२ वर्षांची मुलगी ऑब्झर्व्हर होऊ शकते. मी ठेवणार नाही. याला माझ्याकडे कारण आहे.

नऊ वर्षांपूर्वी माझी नणंद तिच्या मुलाला घेऊन भारतातून आली होती. ट्यूबवर तो आणि माझा मुलगा, दोघेही अकराचे. बोट मी चालवत होते आणि मागे बघायला नणंद बसली होती. शहाणी, सावध बाई, नजर एकदाही मुलांवरून हटली नाही, पण ती फोनमधून बघत होती. व्हिडिओ घेत होती. तिने माझ्या मुलाचा चेहरा मोठा केला आणि त्या चौकटीबाहेर भाचा ट्यूबवरून सुटला. दोघांपैकी एक ट्यूबवर असला की दोराचा ताण फारसा बदलत नाही, मला काही जाणवलं नाही. माझा मुलगा ओरडत होता, इंजिनच्या आवाजात ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. नणंदेला वाटलं तो खुशीने ओरडतोय. कळायला अर्धं मिनिट गेलं असेल. ताशी १५ मैलांनी अर्ध्या मिनिटात साडेसहाशे फूट होतात. मी वळले तेव्हा तो दिसत नव्हता, आणि वळणावरून दुसरी बोट येत होती. जॅकेटच्या नारिंगी खांद्यांमुळे त्या बोटीने त्याला आमच्या आधी पाहिलं आणि वेग उतरवला. भाच्याला खरचटलंही नव्हतं. नणंदेला मी काही म्हणाले नाही, कारण बोट निघायच्या आधी तिचं काम काय आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. नुसतं "तू मागे बस गं" म्हटलं होतं.

तेव्हापासून आमच्या बोटीवर मागे बघणारा माणूस मोठा असतो आणि त्याच्या हातात फोन नसतो. व्हिडिओ हवा असेल तर तिसऱ्याने घ्यावा. निघण्याआधी मी त्याला चार वाक्यं सांगते. तोंड मागे, मला बघायचं नाही. कोणी पडलं की मोठ्याने "पडला" आणि लगेच झेंडा वर. पडलेल्याकडे हाताने दाखवत राहायचं, मी त्याच्याजवळ जाईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. दोर आत येईपर्यंत झेंडा खाली नाही. आणि दर पंधरा मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण उन्हात एकाच ठिकाणी बघत बसलं की डोळा उघडा राहतो आणि लक्ष उडतं. आरसाही जरूर लावा, मीही लावला आहे. तो तुम्हाला मदत करतो, त्या माणसाची जागा घेत नाही.

मुलांना खुणा आधी जमिनीवर शिकवा. अंगठा वर म्हणजे जोरात, खाली म्हणजे हळू, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांब, डोक्यावर हात म्हणजे परत चला. पडल्यावर ठीक असेल तर दोन्ही हात डोक्यावर जोडायचे. हात दिसले नाहीत तर आम्ही काहीतरी झालंय असं धरून चालतो. आणखी एक, "थांब"ची खूण एकानेही केली तरी थांबायचं. ९ वर्षांचा घाबरलाय आणि १२ वर्षांची अंगठा वर करतेय, असं हमखास होतं.

दोर हा लोक सगळ्यात स्वस्त घेतात. ट्यूबचा दोर वेगळा आणि स्कीचा वेगळा. पाण्याने भरलेली, दोन माणसांची ट्यूब ओढताना जो झटका बसतो तो स्कीवाल्याच्या कितीतरी पट असतो. धंद्यातली मान्य मापं अशी: एका माणसाच्या ट्यूबला १,५०० पौंड ताणाचा दोर, दोघांच्या २,३७५, तिघांच्या ३,३५० आणि चौघांच्या ४,१००. लांबी ५० ते ६५ फूट. तुमच्या दोन मुलांना २,३७५ चा घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. तो बोटीच्या मागच्या लोखंडी कडीलाच लावायचा, धक्क्याला बांधायच्या खुंटीला नाही आणि स्कीच्या उंच खांबालाही नाही. ताणलेला दोर सुटला की तो बोटीकडे परत येतो, आणि जिथे येतो तिथे तुमचा ऑब्झर्व्हर बसलेला असतो. दर मोसमाला हाताने पूर्ण दोर चाचपून बघा. कुठे केसाळ लागला किंवा कडक झाला असेल तर टाकून द्या. गाठ मारून वापरू नका, गाठीपाशीच तो तुटतो.

ट्यूबला सुकाणू नाही आणि ब्रेक नाही, हे चालवणाऱ्याने डोक्यात ठेवायचं. बोट वळते तेव्हा ट्यूब बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर जाते आणि तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापते, म्हणजे तुमचा काटा १५ दाखवत असताना मुलं त्याहून जोरात जात असतात. मुलांना ताशी १५ मैल आणि मोठ्यांना २० च्या वर नको, असं ट्यूब बनवणारेही सांगतात. मी ९ वर्षांच्या मुलाला दहा-बाराच्या वर नेत नाही आणि तीव्र वळण घेत नाही. मोठ्यांचं त्यांच्या हिमतीवर आणि मणक्यावर अवलंबून. डेल्टात फाटे अरुंद आहेत, बांधाला मोठमोठे दगड लावलेले आहेत, मधेच खांब आणि धक्के. भरती-ओहोटीने पाणी खाली गेलं की सकाळी नसलेला खुंट दुपारी वर येतो. म्हणून दोन्ही बाजूंना निदान शंभर फूट मोकळं पाणी मिळेल अशीच जागा घ्या. मिळाली नाही तर त्या दिवशी ट्यूब फुगवूच नका.

पडलेल्याला घ्यायला जाताना तो चालवणाऱ्याच्या बाजूला राहील असं वळा, म्हणजे तो नजरेआड होत नाही. जवळ गेल्यावर इंजिन न्यूट्रलला नाही, बंद. चावी काढून खिशात. मगच शिडी खाली. उलट्या गिअरमध्ये माणसाकडे कधीच जायचं नाही, पंखा मागेच असतो. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणी बसायचं नाही, लोंबकळायचं नाही. याला पंख्याइतकंच मोठं दुसरं कारण धूर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. बोट हळू चालली की तो फळीजवळच घोटाळतो आणि तिथे लटकलेला माणूस शुद्ध हरपून पाण्यात जातो. अशी माणसं गेल्यावरच कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये कायदा करून चालत्या बोटीच्या फळीला लटकून ओढलं जाण्याचा खेळ बंद केला. मुलाचं डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला तर ऊन लागलं असं धरून बसू नका, आधी मोकळ्या हवेत न्या.

दारूबद्दल एका ओळीत. चालवणाऱ्याला ०.०८ ची मर्यादा आहेच, पण ओढलं जाणाऱ्यालाही नशेत असायला बंदी आहे. आमच्याकडे ऑब्झर्व्हरलाही बियर नाही, हा घरचा नियम.

आता आई-बाबा. माझा अनुभव असा की कायदा सांगून वडीलधारी माणसं ऐकत नाहीत, कारण इथला कायदा बोटीत नुसत्या बसलेल्या मोठ्यांना "घातलंच पाहिजे" म्हणतही नाही. सक्ती मुलांना आणि ओढलं जाणाऱ्यांना आहे. त्यांना जॅकेट टोचतं, गरम होतं, आणि चारचौघांत भित्रं दिसतो असं वाटतं. टोचण्यावर उपाय आहे. साध्या जॅकेटचा पाठीमागचा फोम सीटवर टेकलं की मानेला ढकलतो, दहा मिनिटांत माणूस कंटाळून काढतो. कयाक (वल्ह्याची छोटी होडी) चालवणाऱ्यांची जॅकेटं घ्या, त्यांच्या पाठीला खाली जाळी असते आणि फोम वर. माझ्या सासूबाईंना मी ते घरीच, सलवार-कमीजवर घालून, खुर्चीवर बसवून चहा प्यायला दिला होता. चहा संपेपर्यंत त्या जॅकेट विसरल्या. ओढणी मात्र गाडीत ठेवायची. कमरेला बांधायची, हवेने फुगणारी पट्टी पोहता न येणाऱ्याला देऊ नका. ती पाण्यात पडल्यावर स्वतः खेचून, डोक्यावरून घालावी लागते, आणि घाबरलेल्या माणसाला ते होत नाही.

बाबांना सांगायचं असेल तर दोन गोष्टी सांगा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असेल. कितीतरी प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हतं, आणि नंतर तिथे ते घालणं सक्तीचं झालं. दुसरं, त्यांच्या पिढीत विहिरीत पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा बांधायचे. आमच्या देवगडकडे मीही तशीच शिकले. डबा बांधलेल्या पोराला कोणी भित्रं म्हटलं नाही. जॅकेट म्हणजे तोच डबा, अंगाच्या मापाचा. आणि तुम्ही स्वतः घाला. मुलगा जॅकेट काढून सुकाणूवर बसला असेल तर बाप कशाला घालेल?

मालवणला किंवा गोव्याला बनाना राइडला बसलेला कोणी पाहुणा "मुद्दाम उलटवा, मजा येते" म्हणेल. तिथे सोबत रोज तेच काम करणारी पोरं असतात. तुमच्या बोटीवर पडलेल्याला उचलणारे तुम्हीच, आणि आईला शिडी चढता येईल का हा प्रश्न आधी धक्क्यावर सोडवायचा आहे. उथळ, उबदार पाण्यात एकदा तिला त्या शिडीने चढवून बघा. नाही जमलं तर तिला बोटीत बसू द्या, पण ती पडली तर वर कशी घ्यायची हे दोन मोठ्यांनी ठरवून ठेवा.

टाहोबद्दल स्पष्ट सांगते, जूनमध्ये नको. वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, वर ऊन कितीही असो. थंड पाण्यात पडल्यावरचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला एक तास. पहिल्या मिनिटात तोंड पाण्याखाली असताना माणूस नकळत श्वास घेतो, पट्टीचे पोहणारेही तिथेच जातात. जॅकेट ते एक मिनिट निभावून नेतं. ऑगस्टमध्ये जा, मुलांना वेटसूट, म्हणजे पाण्यातली थंडी रोखणारा अंगालगत पोशाख, घाला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये डेल्टात गोल्डन मसल हा उपद्रवी शिंपला सापडल्यापासून डेल्टातून आलेल्या बोटींबाबत जलाशय कडक झाले आहेत. टाहोला तर तपासणीशिवाय बोट पाण्यात जातच नाही. बोट पूर्ण कोरडी करून, वेळ घेऊन जा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या पत्रात ती आहे. बोटीच्या पाटीवर "८ माणसं किंवा १,१५० पौंड" असं तुम्ही लिहिलंय आणि तीन कुटुंबं मिळून अकरा जण होतात. मुलं लहान आहेत म्हणून अकरा बसणार नाहीत. ट्यूबवरची दोघं बाहेर आहेत म्हणून जागा मोकळी झाली असंही धरायचं नाही, ती कोणत्याही क्षणी आत घ्यावी लागतील. एका फेरीला सहा जण, बाकीचे किनाऱ्यावर सावलीत. कोण कधी जाणार हे घरून निघतानाच ठरवा, रॅम्पवर वाद नको.

पहिल्या दिवशी मी तुमच्या जागी असते तर मुलांना घरीच ठेवलं असतं. तिघे भागीदार, रिकामी ट्यूब आणि एक जुनं जॅकेट. ब्लोअर चार मिनिटं, दोरी मनगटाला, एकाने चालवायचं, एकाने मागे बघायचं, तिसऱ्याने न सांगता ते जॅकेट पाण्यात टाकायचं. "पडला" ऐकू येण्यापासून ते जॅकेट हाताला लागेपर्यंत, इंजिन बंद करून, किती वेळ लागतो ते बघा. मग जागा बदला. तिघांचंही दोन मिनिटांच्या आत, घाई न करता, जॅकेट चालवणाऱ्याच्या बाजूला ठेवून जमायला लागलं, की पुढच्या शनिवारी मुलांना आणा.